चियांग माईत छोटं गेस्टहाऊस काढायचंय? घर आधी बघू नका

थायलंड फिरून आलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक बेत शिजत असतो. चियांग माईच्या जुन्या शहरात, खंदकाच्या आतल्या एखाद्या गल्लीत सागवानी दुमजली घर घ्यायचं, सहा-आठ खोल्या काढायच्या, सकाळी पाहुण्यांना पोहे करून घालायचे आणि पुण्याच्या ट्रॅफिकला रामराम ठोकायचा. बेत काही वाईट नाही, क्रम मात्र हमखास चुकतो. लोक आधी घर पसंत करतात, मग अनामत देऊन बसतात, मग कंपनी, मग व्हिसा आणि सगळ्यात शेवटी हिशेब. थायलंडमध्ये आधी हिशेब, मग कंपनी आणि त्यानंतर घर असा क्रम लागतो. तिथे राहून स्वतः धंदा बघायचा असेल, तर तुम्हाला किती खोल्या लागतील हे घरापेक्षा व्हिसाचे नियमच जास्त ठरवतात.

हे सगळं चियांग माई धरून लिहिलंय. फुकेत, क्राबी, सामुईला कायदा हाच. भाडी आणि हंगाम वेगळे.

पहिली पायरी: कागद-पेन्सिल घेऊन बसा

तुम्ही काढलेल्या थाई कंपनीत तुम्हालाच नोकरी दाखवून वर्क परमिट घ्यायचं, ही नेहमीची वाट. त्यासाठी एका परदेशी माणसामागे २० लाख बात भरणा झालेलं भांडवल आणि ४ पूर्णवेळ थाई कर्मचारी लागतात. हे चौघं कागदावरचे चालत नाहीत, त्यांचा सामाजिक सुरक्षा निधी दरमहा भरलेला दिसावा लागतो. शिवाय भारतीय माणसाचा स्वतःचा पगार इमिग्रेशनला किमान ३५,००० बात दाखवावा लागतो आणि त्यावर आयकर भरावा लागतो. (एका बातला अडीच ते तीन रुपये धरा.)

आता ८ खोल्यांचा हिशेब मांडू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या घराप्रमाणे बदला. खोलीला सरासरी ९०० बात, वर्षभरात ५५ टक्के खोल्या भरलेल्या. म्हणजे महिन्याला साधारण १,२०,००० बात. त्यातले १७,००० बुकिंग साइटच्या कमिशनमध्ये जातात. चौघांचे पगार ४४,००० (चियांग माई शहरात २०२५ पासून किमान रोज ३८० बात आहे, पण त्या पैशांत टिकणारी माणसं मिळत नाहीत). निधीचा मालकाचा वाटा दोनेक हजार. घरभाडं ४०,०००, वीज-पाणी-लाँड्री-इंटरनेट १८,०००, हिशेबनीस ५,०००. इथपर्यंतच सव्वालाखाच्या वर गेलो आणि तुमचा पगार अजून धरलेलाच नाही.

तात्पर्य, ८ खोल्यांवर एक वर्क परमिट पोसलं जात नाही. १६ खोल्या घेतल्या तर माणसं तेवढीच किंवा एखादं जास्त लागतं, भाडं दुप्पट होत नाही आणि गाडी जेमतेम रुळावर येते. पण मग वर्षाची उलाढाल १८ लाख बातच्या पुढे जाते, म्हणजे ७ टक्के व्हॅट सुरू, आणि हॉटेलचा पूर्ण परवानाही लागतो. म्हणून ९०० बातच्या खोलीचा विचार सोडा. थोड्या मोठ्या, नीटनेटक्या, १,३०० ते १,५०० बातला जाणाऱ्या खोल्या कमी असल्या तरी जास्त देतात.

दुसरा मार्गही आहे, आणि मला तो छोट्या गेस्टहाऊससाठी जास्त शहाणपणाचा वाटतो: तुम्ही फक्त भागधारक राहायचं, रोजचं काम थाई भागीदार किंवा व्यवस्थापक बघेल, तुम्ही वर्षातून काही वेळा जाऊन हिशेब तपासायचा. यात चौघांची अट येत नाही. मात्र गेलात की काम करायचं नाही, हे पथ्य.

पन्नाशी ओलांडलेली जोडपी नेहमी विचारतात, की निवृत्तीच्या व्हिसावर राहून चालवलं तर? नाही चालत. त्या व्हिसावर बँकेत ८ लाख बात ठेवून राहता येतं, काम करता येत नाही. २०२४ मध्ये आलेला डीटीव्ही व्हिसा ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी आहे. त्यावर पुण्यातल्या कंपनीचं काम चियांग माईत बसून करा, थाई गेस्टहाऊस चालवू नका.

दुसरी पायरी: ५१ टक्के कोणाचे?

थायलंडच्या १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात हॉटेल हा धंदा तिसऱ्या यादीत आहे. म्हणजे खास परवाना नसेल तर कंपनीतले निम्म्याहून जास्त शेअर थाई माणसांचे हवेत. व्यवहारात ५१ त्यांचे, ४९ तुमचे. जमीन तर परदेशी माणसाच्या नावावर होतच नाही. अमेरिकन पासपोर्ट असलेल्यांना १९६६ च्या मैत्री करारामुळे बहुतेक धंद्यांत पूर्ण मालकी घेता येते, तेव्हा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ही वाट खुली आहे (जमीन मात्र त्यालाही नाही). भारतीय पासपोर्टवाल्याला असला करार नाही.

इथेच कोणीतरी हसतमुख एजंट भेटतो आणि सांगतो, ‘काळजी करू नका, आमच्या ऑफिसातल्या दोन मुली भागधारक म्हणून सही करतील, कोऱ्या हस्तांतरण फॉर्मवर सह्याही देऊन ठेवतील.’ याला नॉमिनी म्हणतात आणि हा गुन्हा आहे. नाव देणारा थाई माणूस आणि नाव वापरणारा परदेशी, दोघांनाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ ते १० लाख बात दंड होऊ शकतो. वर्षानुवर्षं हे सर्रास चाललं. आता व्यापार खातं थाई भागधारकाच्या बँक खात्याचा उतारा मागतं: महिना १२,००० कमावणाऱ्या मुलीकडे १० लाखांचे शेअर आले कुठून? फुकेत आणि सामुईला या चौकशांचा जोर जास्त आहे, म्हणून चियांग माईत निर्धास्त राहावं असं नाही.

खरा भागीदार शोधा, ज्याचे खरे पैसे लागतील. २० लाखांच्या भांडवलात त्याचे १० लाख २० हजार बात. बहुधा घरमालकच हा माणूस निघतो: त्याच्याकडे रिकामं घर असतं, भाड्याऐवजी धंद्यात वाटा घ्यायला तो राजी असतो. भागीदारीचा करार थाई आणि इंग्रजी दोन्हीत करा आणि वाद झाला तर थाई प्रत ग्राह्य धरली जाईल हे समजूनच करा. वकील एजंटनं सुचवलेला नको, स्वतः शोधलेला हवा. कंपनी नोंदवायला आता दोन भागधारक पुरतात, २०२३ च्या आधी तीन लागत.

तिसरी पायरी: आता घर

इथे घाई करू नका, सगळा पैसा याच ठिकाणी बुडतो.

मालकीचा कागद आधी मागा. थायलंडमधला सर्वात पक्का कागद म्हणजे ‘चनोट’. त्याच्या माथ्यावर गरुडाचा शिक्का असतो आणि तो लाल असतो. हिरवा गरुड असला तर तो एक पायरी खालचा कागद, मोजणी तेवढी पक्की नाही. शेतजमीन सुधारणेत वाटलेल्या जमिनीचा ‘सोर पोर कोर’ असेल तर पाय मागे घ्या, तिथे गेस्टहाऊस होत नाही. शहराबाहेर हांग दोंग किंवा मे रिमकडे ‘डोंगर दिसणारी स्वस्त जागा’ म्हणून जे दाखवतात त्यात हे प्रकार निघतात. चनोट मिळाला की उलटा करून मागची बाजू बघा. जुने व्यवहार, बँकेचा बोजा, आधीचा भाडेकरार, सगळं मागे हातानं किंवा टाइप करून नोंदलेलं असतं. ती बाजू थाईत असते, म्हणून फोटोवर विसंबू नका, जमीन कार्यालयात जाऊन तिथल्या प्रतीशी ताडून घ्या.

भाडेकराराची कमाल मुदत ३० वर्षं. पुढची ३० आणि त्यापुढची ३० आत्ताच लिहून देतो असं कोणी म्हणालं तर तो आश्वासनाचा कागद झाला, हक्काचा नव्हे. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार जमीन कार्यालयात नोंदवला नाही तर तो तीनच वर्षं चालतो. नोंदणीला एकूण भाड्याच्या १ टक्का शुल्क आणि ०.१ टक्का मुद्रांक लागतो. ४०,००० बात महिन्यानं दहा वर्षांचा करार म्हणजे ४८ लाख बात, त्यावर ४८,००० आणि ४,८०० बात. बरेच घरमालक नोंदणी टाळतात, कारण मग भाड्याचं उत्पन्न कर खात्याला दिसतं. ते म्हणतात, तीन अधिक तीन अधिक तीन असं करू. तुम्ही बाथरूम फोडून नव्या करणार, एसी बसवणार आणि तीन वर्षांनी त्याच्या मेहरबानीवर राहणार असाल तर तसं करा. नसेल तर नोंदणीचा खर्च तुम्ही उचला आणि करार पक्का करा. नोंदवलेला करार घर विकलं गेलं तरी नव्या मालकावर बंधनकारक राहतो.

करारात या गोष्टी असल्याच पाहिजेत: खोल्या रोजच्या भाड्यानं पाहुण्यांना देण्याची स्पष्ट परवानगी, दुरुस्तीच्या काळात भाडं माफ (दोन-तीन महिने मागा, बहुतेक वेळा मिळतात), आणि भाडेकरू म्हणून तुमचं नाव न घालता कंपनीचं नाव. भाडेकरू वारला की करार संपतो, कंपनी मरत नाही. कंपनीनं भाडं देताना ५ टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो. मालक म्हणेल, ‘मला हातात चाळीस हजार हवेत.’ मग कराचा बोजा कोणावर, हे आधीच लिहून घ्या.

चालू गेस्टहाऊस उचलायचं असेल तर ‘सेंग’ हा शब्द कानावर पडेल: आधीच्या भाडेकरूला त्याच्या गाद्या, एसी, नाव आणि उरलेल्या मुदतीबद्दल एकरकमी पैसे द्यायचे, भाडं वेगळं. आपल्याकडच्या पागडीचाच चुलतभाऊ. यात तीन गोष्टी बघा. उरलेली मुदत किती, घरमालक तुमच्या नावानं नवा करार करायला तयार आहे का, आणि परवाना आहे का. बऱ्याच ठिकाणी परवाना नसतोच, आणि असला तरी तो आपोआप तुमच्याकडे येत नाही. साइटवरचे चांगले रिव्ह्यू दाखवून आठ-दहा लाख बात मागतात. ते खातं नव्या मालकाकडे तसंच्या तसं येईल का, हे साइटला विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

पिंग नदीजवळ, चांग क्लान भागात किंवा नाइट बाजारच्या आसपास घर बघत असाल तर तळमजल्याच्या भिंती हात लावून बघा. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे पुराचं पाणी शिरलं होतं. ताजा रंग फक्त कमरेपर्यंतच दिला असेल तर कारण उघड आहे.

आणि कॉन्डो घेऊन रोजच्या भाड्यानं देऊ, ही कल्पना सोडा. कॉन्डो परदेशी माणसाच्या नावावर होतो हे खरं, पण तो ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीनं देणं हॉटेल कायद्यात बसत नाही. शेजारीच तक्रार करतात.

चौथी पायरी: परवाना

२०२३ पासून नियम सोपा झालाय. ८ खोल्या आणि ३० पाहुणे यांच्या आत असाल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही हॉटेल नाही. जिल्हा कार्यालयात, ज्याला तिथे ‘आम्फो’ म्हणतात, कळवून प्रमाणपत्र घ्यायचं, ते ५ वर्षं चालतं. आधी ही मर्यादा ४ खोल्या आणि २० पाहुणे होती. नववी खोली काढलीत की हॉटेलचा परवाना, आणि तिथे खरी अडचण इमारतीची येते. घर म्हणून बांधलेल्या इमारतीचा वापर हॉटेल म्हणून बदलून घ्यावा लागतो. जिने, बाहेर पडण्याच्या वाटा, आगीची व्यवस्था सगळं तपासतात. म्हणून करार करण्याआधी इमारतीचा बांधकाम परवाना मागा आणि त्यावर वापर काय लिहिलाय ते वाचून घ्या. जुन्या सागवानी घरांच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, लाकूड म्हटलं की अग्निसुरक्षेचे प्रश्न वाढतात.

परवान्याविना चालवलं तर १ वर्षापर्यंत कैद, २०,००० बातपर्यंत दंड, आणि चालू ठेवाल तितके दिवस रोज १०,००० बातपर्यंत. शेजारच्या गल्लीत चार जण तसेच चालवतात, हे खरं आहे. परदेशी मालकाची तक्रार आधी होते, हेही खरं आहे.

नाश्ता देणार असाल तर नगरपालिकेत वेगळी नोंद, फ्रीजमधली बिअर विकणार असाल तर अबकारी खात्याचा परवाना. पोह्यांपुरतं काम असेल तर नोंद पुरते.

पाचवी पायरी: भारतातून पैसे

भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी. परदेशी कंपनीचे शेअर घेणं म्हणजे थेट परदेशी गुंतवणूक, त्याला २०२२ चे नियम लागू. नुसता ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा नेहमीचा अर्ज) भरून पैसे पाठवू नका. बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक आधी घ्या. मग दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की त्यावरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केलेला आयकर) कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण काही महिने अडकतो, तेव्हा तेवढी जास्तीची रोकड हाताशी ठेवा. विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) थाई शेअर आणि थाई बँक खातं दाखवायला विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपयांचा दंड बसू शकतो. कर्ज काढून हे पैसे पाठवता येत नाहीत. दुबई, सिंगापूरला असणाऱ्या अनिवासी मराठी माणसांना एलआरएसची ही कटकट नाही.

सहावी पायरी: व्हिसा

कंपनी झाली, करार झाला, की भारतात येऊन नॉन-इमिग्रंट बी (नोकरी-धंद्यासाठीचा) व्हिसा काढायचा. आता अर्ज ऑनलाइन होतो. तो ९० दिवसांचा मिळतो, तेवढ्यात वर्क परमिट आणि मग वर्षाची मुदतवाढ. मधल्या काळात भिंतीला रंग लावायलासुद्धा हात घालू नका. परमिटविना काम केल्यास ५,००० ते ५०,००० बात दंड आणि हद्दपारी. परमिट मिळाल्यावरही ते व्यवस्थापकाचं असतं. पाहुण्यांना गाडीत घालून दोई सुथेपच्या डोंगरावरच्या देवळाला फिरवून आणायचं, गाइडगिरी करायची, ही कामं परदेशी माणसाला पूर्ण बंद आहेत. थाई ड्रायव्हर ठेवा.

मुदतवाढ मिळाल्यावर घरी गणपतीला यायचं असेल तर निघण्याआधी पुन्हा प्रवेशाची परवानगी घ्या: एकदाची १,००० बात, वर्षभराची ३,८०० बात. ती न घेता विमानात बसलात की वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द होते. विमानतळावरही काउंटर असतो, पण मी तर म्हणेन ३,८०० भरून मोकळे व्हा.

मग रोजचा संसार

कोणताही परदेशी पाहुणा आला की २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं. त्याला टीएम थर्टी म्हणतात, ऑनलाइन होतं. विसरलात तर हॉटेलवाल्याला २,००० ते १०,००० बात दंड. पासपोर्टचा फोटो घेतल्या घेतल्या तिथेच भरून टाकायची सवय रिसेप्शनवरच्या मुलीला लावा. बुकिंग साइटच्या कमिशनवरही ७ टक्के व्हॅट बसतो, तो दर ठरवताना धरा.

पाटीवर कर आहे. थाई अक्षरात पाटी असेल तर नाममात्र, थाईबरोबर इंग्रजी असेल तर पाचपट, आणि नुसती इंग्रजी असेल किंवा थाई मजकूर इंग्रजीच्या खाली असेल तर दहापट. म्हणून तिथे इंग्रजी पाट्यांच्या अगदी वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढं थाई दिसतं. मराठी पाट्यांच्या वादात वाढलेल्या माणसाला हे बघून हसू येतं, पण तुम्हीही तेच करा.

चियांग माईत खोल्या आवरणाऱ्या पुष्कळ बायका म्यानमारहून आलेल्या शान समाजाच्या असतात. कामाला चोख. पण त्या तुमच्या ४ थाई कर्मचाऱ्यांत मोजल्या जात नाहीत आणि त्यांचं वर्क परमिट वेगळं, तुमच्याच कंपनीच्या नावाचं लागतं. एजंटांनी हे सांगितलं नाही म्हणून मुदतवाढीच्या वेळी अडकलेले मालक मी पाहिलेत.

अंगणात खांबावर छोटं देवघरासारखं घर असेल, तर ते वास्तूच्या रक्षकाचं. दुरुस्तीत ते हलवायचं झालं तर आधी कर्मचाऱ्यांना विचारा, जाणता माणूस बोलावून मुहूर्तानं हलवा. त्यापुढे रोज फुलं, उदबत्ती आणि लाल फँटाची बाटली, स्ट्रॉ घालून, ठेवली जाते. हा खर्च हिशेबात धरा आणि त्यावर घासाघीस करू नका. तो थांबवलात तर माणसं काम सोडून जातील.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतं आणि जंगलं पेटतात, मार्चमध्ये हवा इतकी खराब होते की पाहुणे येऊन दुसऱ्या दिवशी दक्षिणेला पळतात. १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानला (थाई नववर्षाला) शहर पुन्हा भरतं, मग पाऊस. खोल्यांत हवा शुद्ध करणारी यंत्रं ठेवलीत आणि ते ठळक लिहिलंत तर मार्चमध्ये थोडा तरी धंदा होतो. पहिल्या वर्षीचे हे तीन-चार महिने तोट्यातच धरा.

म्हणून सुरुवात ऑक्टोबरच्या आत होईल असं बघा. कंपनी फेब्रुवारी-मार्चमध्ये, घर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे घरमालकांची मागणी कमी असते आणि भाड्यावर बोलता येतं, पावसात दुरुस्ती. सप्टेंबरात खोल्या स्वस्तात देऊन दहा-वीस रिव्ह्यू जमवा. नोव्हेंबरातल्या यी पेंगच्या रात्री मात्र त्या स्वस्त दरात उघड्या ठेवू नका. कंदिलांचा तो सण बघायला लोक महिनोन्‌महिने आधी खोली शोधतात. त्या तारखा वेगळ्या काढून चढ्या दरानं टाका आणि रद्द केल्यास पैसे परत नाहीत अशी अट घाला.